नदीकांठचें अंधत्व

रोग आणि सीमा यांचा संबंध मनुष्याच्या ध्यानांत फार पूर्वींच आला. परंतु त्या संबंधाचा अर्थ त्यानें दीर्घ काळ एकाच रीतीनें लावला. शेजारच्या देशांत सांथ आली कीं आपला दरवाजा बंद करावा, हा तो अर्थ होय. १८५१ सालीं पॅरिस येथें राष्ट्रांची पहिली आरोग्य परिषद भरली, ती पटकीच्या भयानें. आणि १८९७ सालीं व्हेनिस येथें अशीच एक परिषद भरली, तिचें कारण तर मुंबईच होती. मुंबईंत १८९६ सालीं प्लेगची सांथ सुरू झाली होती. तेथून निघणारीं जहाजें व हजला जाणारे यात्रेकरू यांजबरोबर ती युरोपांत शिरेल या धास्तीनें त्या परिषदेंत तपासणीचे व विलगीकरणाचे नियम ठरले. 'क्वारंटीन' हा शब्द महाराष्ट्रांत प्लेगच्या काळांत घरोघर पोंचला, आणि २०२० सालच्या कोविडच्या सांथींत नातवंडांनाहि तो पाठ झाला.

दरवाजा बंद करण्याचा हा उपाय कांहीं रोगांपुरता व कांहीं काळापुरता उपयोगी पडतो, यांत शंका नाहीं. परंतु ज्या रोगाचें घरच सीमेवर आहे, त्याला दरवाजा कोठें लावावयाचा? दोन देशांमधील सीमा म्हणजेच एक नदी असेल, आणि रोगाचा प्रसार करणारा कीटक त्या नदीच्या पाण्यांतच जन्म घेत असेल, तर एका तीरावरील सरकारनें कितीहि दक्षता बाळगली तरी ती व्यर्थ होय. अशा ठिकाणीं शेजाऱ्याच्या तीरावर जाऊन काम करण्याची मुभा मिळविणें व आपल्या तीरावर तीच मुभा त्याला देणें, एवढाच मार्ग उरतो. पश्चिम आफ्रिकेंतील सात राष्ट्रांनीं १९७४ सालीं हा मार्ग पत्करला. त्यांना त्यांत आलेलें यश आणि त्या यशाला पुढें लागलेला धक्का, दोन्हीहि विचार करण्याजोगीं आहेत.

पश्चिम आफ्रिकेचा नकाशा श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. दक्षिणेस समुद्राला लागून आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो व बेनिन हे देश. त्यांच्या उत्तरेस, ज्यांना समुद्राचा स्पर्श नाहीं असे माली, बुर्किना फासो व नायजर. बुर्किना फासोचें १९८४ पर्यंतचें नांव अप्पर व्होल्टा. व्होल्टा नदीच्या काळी, पांढरी व तांबडी या तीन शाखा याच देशांत उगम पावून घानांत उतरतात; आणि त्यांपैकीं काळी व्होल्टा तर दीर्घ अंतर सीमा म्हणूनच वाहते. प्रथम तिच्या एका तीरावर बुर्किना फासो व दुसऱ्यावर घाना. पुढें एका तीरावर आयव्हरी कोस्ट व दुसऱ्यावर घाना. या सीमा तेथील लोकांनीं आंखलेल्या नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज, फ्रेंच व जर्मन यांनीं त्या आपसांत ठरविल्या. त्यामुळें एकाच बोलीचे व एकाच कुळांतील लोक दोन राज्यांत विभागले गेले. घानांतील शाळांत मुलें इंग्रजी शिकूं लागलीं, तर पलीकडच्या तीरावरील शाळांत फ्रेंच.

या नद्यांच्या कांठची जमीन सुपीक आणि पाणी जवळ. तेथें वस्ती दाट असावी, असें कोणासहि वाटेल. प्रत्यक्षांत १९७० च्या सुमारास हीं खोरीं ओस पडलेलीं होतीं, आणि माणसें दूरच्या निकस माळांवर दाटीवाटीनें राहून कशीबशी गुजराण करीत होतीं. त्यांना तेथून हांकलून देणारा शत्रु म्हणजे एक लहानशी काळी माशी. शास्त्रज्ञ तिला सिम्युलियम म्हणतात.

ही माशी सांचलेल्या डबक्यांत वाढत नाहीं. खळाळत्या पाण्यांत, जेथें प्राणवायु भरपूर मिसळलेला असतो तेथेंच, खडकांना व बुडालेल्या झाडपाल्याला चिकटून तिच्या अळ्या वाढतात. मादीला अंडीं घालण्यापूर्वीं रक्त लागतें. तें मिळविण्यासाठीं ती दिवसां माणसांना चावते, आणि चावतांना एका कृमीचीं पिलें एका माणसाच्या अंगांतून दुसऱ्याच्या अंगांत पोंचविते. डॉ. ब्लॅकलॉक यांनीं १९२६ सालीं सिएरा लिओनमध्यें ही गोष्ट सिद्ध केली. महाराष्ट्रांतील जुन्या पिढीस नारू ठाऊक होता. पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्याबरोबर तो शरीरांत शिरे. भारतांतून त्याचें उच्चाटन झाल्याचें २००० सालीं जाहीर झालें. आफ्रिकेंतील हा कृमि नारूचाच दूरचा भाऊबंद. तो त्वचेखालीं गाठी करून राहतो, व त्याची मादी दहा ते पंधरा वर्षें जगून रोज सुमारें हजार सूक्ष्म पिलें सोडते. हीं पिलें त्वचेंत पसरलीं कीं रोग्याला असह्य खाज सुटते, झोंप लागत नाहीं, कातडी जाड व सुरकुतलेली होते. डोळ्यांत शिरून तेथें तीं मरूं लागलीं कीं बुबुळावर हळूहळू सारा येतो व शेवटीं दृष्टि कायमची जाते.

एका दंशानें कोणी अंध होत नाहीं. वर्षानुवर्षें सहस्रावधि दंश सोसल्यावर हा परिणाम होतो. म्हणूनच गांव मोठें असेल तर दंश अनेकांत वांटले जातात व गांव टिकतें. परंतु कांहीं घरें उठून गेलीं कीं मागें राहिलेल्यांच्या वांट्याला अधिक दंश येतात, त्यांतून अधिक लोक अंध होतात, आणि अखेर गांवच उठतें. कांहीं गांवांत चाळिशी उलटलेल्या पुरुषांपैकीं निम्मे अंध झालेले होते. काठीचें एक टोंक अंध वडिलांच्या हातीं व दुसरें लहान मुलाच्या हातीं, अशी जोडी त्या प्रदेशांत जागोजाग दिसे. जें मूल दिवसभर काठी धरून चालतें, त्याला शाळा कोठून असणार? शिवाय मोठेपणीं आपलीहि हीच गति व्हावयाची, असें तें धरून चालत असे. जिनीव्हा येथें जागतिक आरोग्य संघटनेच्या आवारांत या जोडीचा पुतळा उभा आहे.

शाळेंतील रसायनाच्या प्रयोगांत बाराव्या वर्षीं दोन्ही डोळे गमावलेले जॉन विल्सन या इंग्रज गृहस्थांनीं १९५० नंतर उत्तर घानांतील अशीं गांवें स्वतः फिरून जगाचें लक्ष तिकडे वेधलें. रोगाचें शास्त्रीय नांव कोणाच्या तोंडीं बसेना, म्हणून त्यांच्या पत्नी जीन यांनीं त्याला 'नदीचें अंधत्व' असें सुटसुटीत नांव दिलें, व तेंच पुढें रूढ झालें.

उपाय करण्याचे प्रयत्न त्यापूर्वींहि झाले होते. पूर्व आफ्रिकेंतील केनियामध्यें १९४० नंतरच्या दशकांत नद्यांत डीडीटी सोडून तेथील माशीचा नायनाट करण्यांत आला. परंतु तेथील माशी निराळ्या जातीची. ती दूर उडत नसे, व तिचीं खोरीं एकमेकांपासून अलग होतीं. पश्चिम आफ्रिकेंत हाच उपाय १९६० नंतर माली, आयव्हरी कोस्ट व अप्पर व्होल्टा यांच्या सीमा जेथें मिळतात त्या भागांत करून पाहण्यांत आला. औषध टाकलेल्या नद्यांतील अळ्या मेल्या. परंतु माशा पुन्हा बाहेरून आल्या. एक खोरें स्वच्छ करावें आणि शेजारचें तसेंच सोडावें, हें म्हणजे भरल्या गलबताचें एक भोंक बुजवून दुसरें उघडें ठेवण्यासारखें होतें.

या अनुभवावरून १९६८ सालीं ट्युनिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं निर्णय दिला कीं रोग आटोक्यांत येऊं शकेल, परंतु त्यासाठीं सर्व खोरें एकदम हातीं घ्यावें लागेल. सर्व खोरें म्हणजे सात राष्ट्रें. इतका खर्च त्या गरीब राष्ट्रांना झेपणारा नव्हता. जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनमारा १९७२ सालीं अप्पर व्होल्टांत गेले असतां त्यांनीं अंधांचीं तीं गांवें पाहिलीं, आणि पैसा उभारण्याचें काम बँकेनें अंगावर घेतलें. जागतिक आरोग्य संघटनेनें कार्याची धुरा घेतली. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम व अन्न आणि शेती संघटना यांनीं साह्य केलें. १९७४ सालीं योजना सुरू झाली.

या योजनेची रचना लक्षांत घेण्याजोगी आहे. सात राष्ट्रांनीं सात खातीं उघडून एकमेकांना अहवाल पाठविण्याची पद्धत ठेवली नाहीं. वागाडुगू येथें एकच कचेरी, सर्वांसाठीं एकच नकाशा, एकच तिजोरी, आणि सीमा ओलांडून जाणारीं तींच विमानें व हेलिकॉप्टरें. १९८० सालापासून चौदा वर्षें ज्यांनीं या कचेरीचा कारभार चालविला ते डॉ. एब्राहीम सांबा गांबिया देशाचे, म्हणजे योजनेंत सामील असलेल्या कोणत्याच राष्ट्राचे नव्हते. दुसरी गोष्ट मुदतीची. शरीरांतील कृमि पंधरा वर्षें जगणार, म्हणून योजनाहि आरंभापासून वीस वर्षांची आंखली गेली. मंत्रिमंडळें बदलतात, सेनापति राज्य उलथवितात, देणगीदार राष्ट्रांचा उत्साह ओसरतो. परंतु कृमि आपल्या आयुष्याची मर्यादा कोणासाठीं कमी करीत नाहीं.

काम असें चाले. माशीच्या अळीची वाढ आठवडाभरांत पुरी होत आल्यामुळें प्रत्येक खळाळत्या प्रवाहावर आठवड्यांतून एकदां औषध पडलेंच पाहिजे. एक आठवडा चुकला कीं माशांची नवी पिढी उडून गेली. नदींत पाणी किती वाहत आहे हें मोजून त्या मानानें औषधाचें प्रमाण ठरे. औषध टेमेफॉस या जातीचें निवडलें, कारण माशांना घातक व मासळीला निरुपद्रवी असें त्याचें प्रमाण साधतां येतें. आणि नदीच्या जीवसृष्टीवर होणारा परिणाम तपासण्यासाठीं स्वतंत्र शास्त्रज्ञांचें मंडळ नेमण्यांत आलें. ज्या नदीची मासळी हेंच गरिबाचें अन्न, तिच्याशीं व्यवहार करतांना ही सावधगिरी अवश्य होती.

तरीहि सात राष्ट्रांची हद्द अपुरीच ठरली. पावसाळा आला कीं स्वच्छ केलेल्या नद्यांवर माशा पुन्हा दिसूं लागत. शोध करतां आढळून आलें कीं त्या प्रदेशांतहि पाऊस नैऋत्येकडील वाऱ्याबरोबर येतो, आणि त्याच वाऱ्यावर स्वार होऊन माशा चारशें किलोमीटर वा अधिक अंतर तोडून येतात. म्हणजे उत्तरेकडील गांवाला चावणारी माशी दक्षिणेकडील वा पश्चिमेकडील दुसऱ्याच देशांतील नदींत जन्मलेली असे. तेव्हां गिनी, गिनी-बिसाऊ, सेनेगाल व सिएरा लिओन हीं राष्ट्रेंहि योजनेंत आलीं, व सातांचीं अकरा झालीं. मध्यंतरीं १९८० सालीं आयव्हरी कोस्टमधील माशांना टेमेफॉस लागू पडेनासें झालें. त्यावर निरनिराळीं औषधें आळीपाळीनें वापरण्याची पद्धत काढण्यांत आली, व त्यांत अळ्या मारणाऱ्या एका जिवाणूचाहि उपयोग झाला. १९८५ च्या डिसेंबरांत सीमेवरील एका पट्ट्यासाठीं माली व बुर्किना फासो यांचें युद्ध जुंपलें. तें थोड्याच दिवसांत थांबलें. आणि ज्यांनीं एकमेकांवर शस्त्र धरलें तीं दोन्ही राष्ट्रें या योजनेंत मात्र अखेरपर्यंत एकत्र राहिलीं.

याच सुमारास एक दुसरें साधन हातीं आलें. जपानांतील सातोशी ओमुरा यांनीं मातींतून वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्म जीवापासून विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत आयव्हरमेक्टिन हें औषध सिद्ध केलें. जनावरांसाठीं निघालेलें हें औषध या रोगावरहि चालेल, असें मर्क कंपनींतील डॉ. मोहम्मद अझीझ यांनीं १९८१ सालीं सेनेगालमध्यें आरंभिलेल्या प्रयोगावरून दिसून आलें. वर्षांतून एकदां गोळ्या घेतल्या तर कृमीचीं पिलें मरतात. मात्र मोठा कृमि मरत नाहीं, म्हणून त्या वर्षानुवर्षें घ्याव्या लागतात. ज्यांना याची गरज त्यांच्यापाशीं पैसा नव्हता. १९८७ सालीं मर्क कंपनीनें या रोगासाठीं लागेल तितकें औषध लागेल तितकीं वर्षें विनामूल्य देण्याचें जाहीर केलें. ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हेंच औषध इतर दोन औषधांच्या जोडीनें हत्तीरोगासाठीं २०१९ सालीं नागपूर जिल्ह्यांत देण्यांत आलें.

औषध आलें तरी तें रानावनांतील प्रत्येक घरीं कोण पोंचविणार, हा प्रश्न होताच. त्याचें उत्तर गांवांनींच दिलें. गांवानें आपला माणूस निवडावा, त्यानें गोळ्या वांटाव्या व वहींत नोंद ठेवावी, अशी पद्धत १९९५ सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या योजनेनें मध्य व पूर्व आफ्रिकेपर्यंत नेली. वजनाचा कांटा प्रत्येक गांवांत नेणें अशक्य. म्हणून खुणा केलेली एक काठी उभी करून माणसाच्या उंचीवरून गोळ्यांची संख्या ठरविण्यांत येऊं लागली. ज्या प्रदेशांत काठी अंधाला वाट दाखवीत असे, तेथें ती अंधत्व टाळण्याचें साधन झाली.

पश्चिम आफ्रिकेची मूळ योजना २००२ च्या अखेरीस संपली. तिनें सहा लाख लोकांचें अंधत्व टळलें, एक कोटी ऐंशीं लक्ष मुलें या रोगाच्या भयापासून मुक्त अशा प्रदेशांत जन्मलीं, आणि सुमारें अडीच कोटी हेक्टर सुपीक जमीन पुन्हा नांगराखालीं येण्याजोगी झाली, असा हिशेब आहे. इतक्या कार्याला माणशीं दरसाल एक डॉलरहि खर्च आला नाहीं. नायजर हें या रोगाचा प्रसार थांबविणारें आफ्रिकेंतील पहिलें राष्ट्र असल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ च्या जानेवारींत मान्य केलें.

एवढ्यावर हकीकत संपविली असती तर ती गोड झाली असती. परंतु ती पुरी झाली नसती. सिएरा लिओनमध्यें १९९१ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चाललें व तेथील काम बंद पडलें. म्हणून मूळ योजना संपल्यावरहि तेथें व आणखी चार देशांतील कांहीं खोऱ्यांत पांच वर्षें विशेष काम करावें लागलें. त्याहून बोलकें उदाहरण बुर्किना फासोच्या नैऋत्य कोपऱ्यांतील कोमोए नदीच्या खोऱ्याचें आहे. हें खोरें आयव्हरी कोस्टच्या सीमेलगतचें. तेथून रोग गेला असें समजलें जात होतें. २०१० च्या सुमारास तपासणी केली तेव्हां कांहीं गांवांत तो पुन्हा बळावलेला आढळला. २००२ पासून २०११ पर्यंत आयव्हरी कोस्टमध्यें यादवी माजलेली होती, व सीमेवरून माणसांची ये-जा कधींच थांबलेली नव्हती. अमेरिका खंडांतहि असाच प्रकार दिसतो. कोलंबिया, एक्वाडोर, मेक्सिको व ग्वाटेमाला या देशांनीं २०१३ ते २०१६ या काळांत या रोगापासून मुक्ति मिळविली. जो रोग तेथें उरला, तो ब्राझील व व्हेनेझुएला यांच्या सीमेवरील अरण्यांत, यानोमामी या आदिवासींच्या वस्तींत. दोन राष्ट्रांत विभागलेले हे लोक एका तीरावरून दुसऱ्या तीराकडे आपल्या पूर्वजांप्रमाणें फिरतात. त्यांच्यामागें औषध घेऊन फिरणारे मात्र सीमेपाशीं थबकतात.

यावरून निघणारें तात्पर्य साधें आहे. सीमाप्रदेश हा प्रत्येक राजधानीपासून दूर असतो, म्हणून त्याची काळजी दोन्ही सरकारें शेवटीं करतात. आणि दोघांनींहि शेवटीं केलेलें काम कोणाचेंच होत नाहीं. केवळ सद्भाव व परिषदांतील ठराव यांनीं ही उणीव भरून निघत नाहीं. वागाडुगूच्या त्या कचेरीपाशीं सद्भावापेक्षां अधिक कांहीं होतें: सीमा ओलांडण्याची मुभा, सामाईक तिजोरी, आणि रोगाच्या आयुष्याएवढी मुदत. या तीन गोष्टी जेथें होत्या तेथें दृष्टि वांचली; त्यांपैकीं एक जरी सुटली तरी माशी परत आली. आजहि या रोगाच्या रोग्यांपैकीं शेंकडा नव्याण्णवांहून अधिक आफ्रिकेंतच आहेत, आणि त्यांच्यासाठीं गोळ्यांचें वाटप दरसाल सुरू आहे. तें वाटप नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच वेळीं होत राहिलें, तर काठी धरून वडिलांच्या पुढें चालणारें मूल शाळेच्या वाटेला लागेल.